उघड्या मैदानातील पियानो

तंबोरा बिघडला तर गायक गाणे क्षणभर थांबवितो, खुंटी पिळतो, मणी सरकवितो आणि पुन्हा गाऊ लागतो. पियानोवादकास ही सोय नाही. त्याच्या वाद्यात 88 पट्ट्या आणि सुमारे 230 तारा असतात. मधल्या व वरच्या बहुतेक स्वरांना प्रत्येकी तीन. सर्व तारांचा एकत्रित ताण 15 ते 20 टनांच्या घरात जातो व तो बिडाची चौकट पेलते. हे वाद्य पूर्ण जुळवावयास तास-दीड तास लागतो. म्हणून मैफल सुरू होण्यापूर्वीच वाद्य जुळविणाऱ्याची परीक्षा झालेली असते.

पियानो म्हैसूर प्रांतास अपरिचित नाही. महाराज जयचामराजेंद्र वडियार (1919–1974) स्वतः पियानो शिकलेले होते आणि रशियन संगीतकार निकोलाय मेटनर यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणास त्यांनी साहाय्य केले. बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये जुना बँडस्टँडही आहे. समजा, एप्रिल महिन्यात त्या बँडस्टँडसमोर सायंकाळी दोन पियानोंची मैफल आहे. जुळविणाऱ्याने काय करावे?

प्रथम नादकाट्यावरून एक स्वर सेकंदास 440 कंपनांचा करतात. तीन तारांपैकी दोन फेल्टच्या पट्टीने दाबून एक तार जुळवितात आणि मग उरलेल्या दोन तिच्याशी मिळवितात. दोन तारांत किंचित फरक असला की आवाज कमीअधिक होत डोलतो. या डोलण्यास विस्पंद म्हणतात. एका सेकंदातील विस्पंदांची संख्या ही दोन कंपनसंख्यांतील फरकाइतकी असते. डोल थांबला की तारा मिळाल्या.

परंतु प्रत्येक डोल थांबवावयाचा नसतो. तंबोऱ्यातील षड्ज-पंचमाचे प्रमाण 3:2, म्हणजे 1.5 असते. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे ते 1.4983 ठेवावे लागते. 220 कंपनांच्या स्वराचा शुद्ध पंचम 330. पियानोवरील पंचम मात्र 329.63. पहिल्याचा तिसरा उपस्वर 660 व दुसऱ्याचा दुसरा उपस्वर 659.26 यांमुळे चार सेकंदांत सुमारे तीन विस्पंद ऐकू येतात. जुळविणारा ते मोजून मुद्दाम ठेवितो.

आता उन्हाचा विचार करू. ताणामुळे पियानोची तार मूळ लांबीच्या सुमारे अर्ध्या टक्क्याने, म्हणजे 10,000 भागांत 50 भागांनी लांबलेली असते. पोलाद 10 अंश सेल्सिअसने तापले की 10,000 भागांत सुमारे 1 भागाने प्रसरण पावते. चौकट जड असल्यामुळे ती लगेच तापत नाही. बारीक तार मात्र तत्काळ तापते. तेव्हा त्या 50 भागांतील 1 भाग सैल पडून ताण 2 टक्क्यांनी घटतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे ती 1 टक्क्याने उतरते व 440 चे सुमारे 436 होतात. एक पियानो उन्हात आणि दुसरा सावलीत असेल, तर एकच स्वर दोन्हींवर वाजविताच सेकंदास चार विस्पंद उमटतील. भर दुपारी उन्हात जुळविलेले वाद्य सायंकाळच्या गारव्यात याच्या उलट चढेल. शिवाय जाड व बारीक तारा सारख्या वेगाने निवत नसल्यामुळे ते सर्वत्र सारखे चढणार नाही.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. दोन्ही वाद्ये आधीपासून छपराखाली शेजारी ठेवावी, म्हणजे तारा व चौकट एका तापमानास येतील. दोहोंचे प्रसरण जवळजवळ सारखे असल्यामुळे मग बिघाड थोडाच होतो. व्यासपीठावरील दिवे लावूनच शेवटची जुळणी करावी, कारण दिव्यांचीही उष्णता तारांवर पडते. एक पियानो काट्यावरून व दुसरा पहिल्यावरून जुळवावा. अखेरीस, त्या वेळी मैदानात शांतता राखावी. बाके सरकविण्याच्या गोंगाटात मंद विस्पंद ऐकू येत नाहीत. पावसाची सर आली तर वाद्य झाकावे. लाकडी नादफलक ओल शोषून फुगतो, त्यावरील घोडी वर उचलली जाते आणि तारा चढतात. हा दोष दिवसेंदिवस टिकतो.

हे तत्त्व पाहावयास पियानोच हवा असे नाही. शाळेतील तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एका स्वरात मिळवा आणि पोलादी तारांपैकी एकीवरून ऊन बोट हलकेच फिरवा. दोन्ही पुन्हा छेडताच जो डोल ऐकू येईल, तोच मैदानातील जुळविणाऱ्याचा प्रतिस्पर्धी होय.