फंडाचे विश्वस्त आणि आपण



आम्ही ऊस विकासाची माणसे. लागण, खोडवा, खत, पाणी एवढेच आमचे बोलणे. पण परवा गट-बैठकीत एका सभासदाने विचारले, "साहेब, आमची बिलं थटलेली असताना कामगारांचा फंड आधी कशाला भरायचा? दोन महिने थांबला तर काय बिघडतंय?" प्रश्न मनातला होता, म्हणून हा पाठ.

आपल्याच अनुभवातून सुरुवात करू. उसाच्या बिलातून सोसायटीची कपात होते. समजा, कापलेली रक्कम सोसायटीत भरलीच गेली नाही. मग सोसायटीच्या दप्तरी थकबाकीदार कोण? तुम्ही. कामगाराच्या पगारातून कापलेल्या फंडाचेही तसेच. कापला, की तो पैसा कारखान्याचा राहत नाही.

तो सांभाळते केंद्रीय विश्वस्त मंडळ. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने ते आले व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. सरकारी प्रतिनिधींबरोबर त्यात मालकांचे १० आणि कामगारांचे १० प्रतिनिधी असतात. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. त्यांची मुख्य कामे अशी :

(१) भविष्य निधी व पेन्शन निधी यांचे हिशेब वेगवेगळे ठेवणे.

(२) सरकारने घालून दिलेल्या पद्धतीनेच पैसा गुंतवणे. मोठा भाग रोख्यांत असतो. २०१५ पासून थोडा भाग शेअर बाजाराशी निगडित फंडांत जातो.

(३) दरवर्षी व्याजदराची शिफारस करणे. २०२३-२४ साठी तो ८.२५ टक्के होता. मंजुरी केंद्र सरकारची लागते.

(४) तपासलेले हिशेब व वार्षिक अहवाल सादर करणे. तो संसदेपुढे जातो.

पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंत मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के तिच्यात जातात. मासिक पेन्शनसाठी १० वर्षे नोकरी लागते. या योजनेत हंगामी कामगाराचा हंगाम पूर्ण वर्ष म्हणून धरण्याची तरतूद झाली. तुमच्यापैकी कितीतरी जणांची पोरं हंगामी आहेत. हे घरी जाऊन सांगा.

पण दिल्लीतले मंडळ कितीही दक्ष असले, तरी इथून पैसे गेलेच नाहीत तर ते सांभाळणार काय? साखळीची पहिली कडी म्हणजे तुम्ही निवडून दिलेले संचालक मंडळ. १९५२ च्या योजनेने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची मुदत घातली. चुकली तर १२ टक्के व्याज, वर दंड. २००९ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरही फंडाच्या थकबाकीचा हक्क आधी, व्याज-दंडासकट. म्हणजे फंड थकवून बिल भागत नाही. उलट गोदामातली साखर अडकते आणि पुढचे बिल लांबते.

१४ दिवसांत बिल मिळणे हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने दिलेला तुमचा हक्क आहे. तो आम्ही कमी लेखत नाही. पण एका घराची चूल पेटवायला दुसऱ्याच्या घरचे आढे उपसू नये.

येत्या वार्षिक सभेत एवढे जरूर विचारा : फंड कोणत्या महिन्यापर्यंत भरला? व्याज-दंड किती लागला? लेखापरीक्षकाने त्यावर काय शेरा मारला? विचारणारा सभासद हाच सहकाराचा खरा विश्वस्त.