आधी मन रुजते, मग बुद्धी

वडिलांची बदली होते आणि पुण्या-नाशिकचा मुलगा चंडीगडला येतो. थंडी नवी, भाषा नवी, वसतिगृह नवे. जुन्या शाळेत गणितात पुढे असणारा हा मुलगा इथे सोपी उदाहरणेही चुकवतो, विचारले तर गप्प राहतो. त्याची बुद्धी कमी झाली का? नाही. त्याचे मन अजून इथे रुजलेले नाही.

मुलाची बुद्धी, त्याच्या भावना आणि चारचौघांत वावरण्याची रीत यांची वाढ वेगवेगळी होत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कामातून दाखवले. १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराईच्या रानातच कुरणशाळा भरली. ओळखीची जागा, सोबत आपलीच भावंडे, हातात खडे, पाने, बिया. भीती गेली की मोजणे आणि बोलणे सोपे होते.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचेही म्हणणे असेच होते: मुलाला आज जे एकट्याने जमत नाही, ते जाणत्याच्या सोबतीने जमते आणि पुढे एकट्यानेही जमू लागते.

अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास मुले समोर नसलेल्या गोष्टींचाही तर्काने विचार करू लागतात. मात्र आवेग आवरणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून दिवसा वर्गात नेमके उत्तर देणारा कॅडेट रात्री घरच्या आठवणीने रडला, तर तो दुबळा ठरत नाही.

मोठ्या कॅडेट्सनो, हा जाणता सोबती तुम्हीच आहात. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात नावाने हाक मारा, मेसमध्ये शेजारी बसवा, बुटांना पॉलिश कसे करायचे ते एकदा करून दाखवा. त्याची चेष्टा झाली, तर तो प्रश्न विचारणेच सोडून देईल.

शिक्षकांनी चुकलेल्या उत्तरामागचा विचार आधी ऐकावा. आणि पालकांनी फोनवर गुण विचारण्याआधी एवढेच विचारावे: “तिथे तुझा मित्र कोण झाला?”