घळईत उतरण्यापूर्वी

अमेरिकेतील युटा, अ‍ॅरिझोना आणि शेजारच्या राज्यांत पसरलेले कोलोरॅडो पठार हा थराथरांच्या खडकांचा उंच, कोरडा प्रदेश आहे. नद्यांनी तो खोलवर कापून काढला आहे. ग्रँड कॅनियन सुमारे १.६ किलोमीटर खोल आहे. बकस्किन गल्चसारख्या चिंचोळ्या घळया मात्र काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील इतक्या अरुंद होतात. अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मित्रमंडळींचे गट इथे पाठीवर सॅक टाकून मुक्कामी भटकंतीला जातात. सह्याद्रीतला सराव त्यांच्या कामी येतो, पण एका बाबतीत तोच सराव दगा देतो.

गडावर जाताना कष्ट आधी असतात. दमलेला माणूस अर्ध्यातून परतला तरी पुढची वाट उताराची असते. घळईत हे उलटे आहे. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे आणि तळाशी वाहणारी कोलोरॅडो नदी साधारण ७५० मीटरवर. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतरणारा माणूस फार लवकर फार खाली पोहोचतो. चढण उरते ती शेवटी, म्हणजे पाणी कमी झालेले, गुडघे बोलू लागलेले आणि ऊन तापलेले असताना. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतण्याचा बेत आखू नये, असे ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक सांगतात. त्यात अतिसावधपणा मुळीच नाही. उन्हाळ्यात तळाचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ सावलीत बसून काढायचा आणि चाल पहाटे किंवा संध्याकाळी करायची.

पाण्याचा हिशेब नकाशावरच मांडावा लागतो. ग्रँड कॅनियनमध्ये उतरणाऱ्या साउथ कैबाब या वाटेवर पाणी अजिबात नाही. ब्राइट अँजल वाटेवर नळ आहेत, पण त्यांतले काही हिवाळ्यात बंद असतात आणि जलवाहिनी फुटली की बाकीचेही बंद पडतात. म्हणून निघायच्या दिवशी पुन्हा चौकशी करावी. उन्हाळ्यात माणशी दिवसाला चार लिटर ही किमान गरज समजावी. चार लिटर म्हणजे चार किलो, आणि हे वजन दुसऱ्या कशासाठीही कमी करू नये. नदीचे पाणी हाताशी असले तरी ते अनेकदा गाळाने लालसर असते. असे पाणी थेट गाळणीत ओतले की गाळणी काही मिनिटांतच तुंबते. इथे आपल्या घरातली तुरटी उपयोगी पडते. घडीच्या बादलीत पाणी भरून चिमूटभर तुरटीची पूड घालायची, ढवळायचे आणि रात्रभर हलवायचे नाही. सकाळी तळाशी लालसर साका बसलेला असतो. वरचे नितळ पाणी अलगद काढून मग ते गाळणीतून गाळून किंवा निर्जंतुक करून प्यायचे. कोलोरॅडोवर तराफ्याने प्रवास करणारेही हीच युक्ती वापरतात.

नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे. घामातून मीठ जाते, वर भरपूर पाणी गेले की रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे सुरू होते. ही लक्षणे उष्माघाताच्या सुरुवातीसारखीच दिसतात आणि सोबती आणखी पाणी पाजतात. म्हणून दर घोटामागे काहीतरी खारट खाणे हवे: शेंगदाणे, चिवडा, लोणच्याची फोड. माणूस बरळू लागला तर पाण्याचा आग्रह थांबवून लगेच मदत मागवावी.

मित्रांच्या गटाची खरी परीक्षा मात्र वेगळीच असते. दमलेला मित्र ‘दमलो’ म्हणत नाही. तो मागे पडतो, बूट बांधायला वारंवार वाकतो, बोलणे कमी करतो, पुढे केलेला चिवडा नाकारतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. घळईत ती जिवावरही उठते. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे, अनुभवी माणूस शेवटी असावा, आणि प्रत्येक फाट्यावर सगळे जमल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. परत फिरायची वेळ काठावरच ठरवावी. एकानेही ‘फिरूया’ म्हटले तर मतदान न घेता फिरावे. पाणी, खाणे, विजेरी आणि नकाशा प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवेत. गाळणी एकाकडे असेल तर निर्जंतुक करायच्या गोळ्या दुसऱ्याकडे. एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला निघायचे असेल आणि दोन्हीकडे गाड्या उभ्या असतील, तर निघण्याच्या गाडीची किल्ली खिशात आहे ना, हे मोठ्याने विचारून घ्यावे. ती पहिल्या गाडीत राहण्याचा प्रकार वाटतो त्याहून सहज घडतो.

पुराचा धोका जुलै ते सप्टेंबर या वळवाच्या दिवसांत सर्वाधिक. वर आकाश निळे असतानाही कित्येक किलोमीटर दूर पडलेला पाऊस उघड्या खडकावरून थेट घळईत येतो, कारण मुरायला मातीच नसते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातील अँटिलोप कॅनियनमध्ये असे ११ जण बुडाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातील झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कीहोल कॅनियनमध्ये एका गटातले सातही जण गेले. बकस्किन गल्चमध्ये मान वर केली की डोक्याच्या कितीतरी वर दोन भिंतींत अडकलेले ओंडके दिसतात. ते पाण्यानेच तिथे नेऊन ठेवलेले आहेत. पूर्ण पाणलोटाचा अंदाज पाहावा आणि वादळाची शक्यता असेल तर परवाना हातात असूनही उतरू नये. महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेला परवाना सोडणे जड जाते, हे खरे असले तरी. आत असताना पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या वाहत आल्या किंवा घरघर ऐकू आली तर सॅक टाकून उंच जागा गाठावी. प्रवाहाच्या पुढे धावू नये.

घड्याळाचाही घोळ होतो. उन्हाळ्यात युटा अ‍ॅरिझोनाच्या एक तास पुढे असते, आणि अ‍ॅरिझोनातलाच नॅव्हाहो आदिवासींचा प्रदेश युटाची वेळ पाळतो. सीमेजवळ फोन कधी ही वेळ दाखवतो, कधी ती. सगळ्यांनी एकच घड्याळ मानावे.

घळईत फोनला रेंज नसते. म्हणून वाट, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, गाडीचा क्रमांक आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुठे कळवायचे, हे घरच्या एका जबाबदार माणसाकडे लिहून द्यावे. ठरलेली वाट आत गेल्यावर बदलू नये, नाहीतर शोधणारे चुकीच्या घळईत शोधत राहतात. बाहेर आल्यावर पहिला फोन त्याच माणसाला करावा.