पाण्याची पाळी आणि मनाची घडण

आशावादी, कल्पक आणि सहकारी मनोवृत्ती ही स्वभावाची देणगी मानावी, की ती रोजच्या व्यवहारातून घडवता येते, हा प्रश्न शिक्षण, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. पुढील संवाद माध्यमिक शाळेतील एक शिक्षिका आणि ग्रामीण संस्थांचे अभ्यासक असलेले एक प्राध्यापक यांच्यात कल्पिलेला असून, त्यात या प्रश्नाचा विचार मुख्यतः महाराष्ट्रातील पाणीवाटपाच्या दोन व्यवस्थांच्या आधारे केला आहे.

शिक्षिका: सर, बहुतेक शाळांत रोज फळ्यावर सुविचार लिहिला जातो, परिपाठात तो मोठ्याने वाचला जातो, आणि चांगले वाक्य वारंवार कानांवर पडले की मनही हळूहळू तसे वळते, अशी त्यामागे श्रद्धा असते. ही श्रद्धा मानसशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते?

प्राध्यापक: थोडीच टिकते. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने अपेक्षा आणि स्वप्नरंजन यांत महत्त्वाचा भेद केला आहे. अपेक्षा म्हणजे पूर्वी काय घडले हे पाहून पुढच्याविषयी बांधलेला अंदाज, तर स्वप्नरंजन म्हणजे फळ जणू हाती आलेच आहे असे मनाशी रंगवलेले चित्र. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांची अपेक्षा चांगली होती त्यांचे वजन अधिक उतरले, पण ज्यांची स्वप्ने अधिक गुलाबी होती त्यांचे कमी उतरले. याची उपपत्ती अशी, की मन कल्पनेतच फळ भोगून घेते आणि मग प्रयत्नाची निकड ओसरते. सुविचार वाचून मुलाला क्षणभर बरे वाटते, परंतु सकारात्मक अपेक्षा बांधण्यासाठी त्याच्या गाठी जो अनुभव असावा लागतो, तो त्या वाक्यातून मिळत नाही.

शिक्षिका: मग तो अनुभव मिळतो कोठून? माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, असे त्याला कोणत्या परिस्थितीत वाटू लागते?

प्राध्यापक: त्याचे उत्तर खानदेशात आणि त्याला लागून असलेल्या नाशिकच्या भागात सापडते. पांझरा, मोसम, आरम यांसारख्या तापीच्या खोऱ्यातील नद्यांवर काही शतकांपूर्वी बंधारे बांधले गेले आणि त्यांच्या आधाराने फड पद्धती नावाची सिंचनव्यवस्था उभी राहिली. नदीच्या प्रवाहाला बुटका बंधारा आडवा घालायचा, तेथून पाट काढायचा, आणि पाटाखाली भिजणाऱ्या सबंध क्षेत्राचे, ज्याला थळ म्हणतात, साधारणपणे तीन किंवा चार भाग पाडायचे. असा प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे, उसाचा फड आलटून पालटून बदलायचा म्हणजे जमिनीचा कस टिकतो, आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे गावाने एकत्र बसून ठरवायचे, असा तिचा रिवाज होता. पाणी शेतात सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकाची राखण जागल्याची आणि या दोघांवरची देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला पिकातूनच दिला जाई. पाटातील गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी ही कामे शेतकरी मिळून करीत. मराठीतील सहकाराच्या चर्चेत साखर कारखान्यांनी इतकी जागा व्यापली आहे की त्याहून कितीतरी जुन्या असलेल्या या व्यवस्थेचा उल्लेखही क्वचित होतो, आणि ही मोठी उणीव आहे.

शिक्षिका: पण पाटाच्या तोंडाशी ज्याची जमीन आहे, त्याला अधिक पाणी घेण्याचा मोह होणारच. त्याच्या चांगुलपणावर व्यवस्था कशी उभी राहील?

प्राध्यापक: तिने चांगुलपणावर भार टाकलाच नव्हता. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असे, त्यामुळे एका फडात तोंडाशी असणारा दुसऱ्या फडात शेवटाला असू शके, आणि एखादा फड पडीक ठेवला तरी त्याची झळ कोणा एकट्यालाच बसत नसे. एका फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर राही आणि कोणाला किती मिळाले हे लपत नसे. अशा ठिकाणी शेजारी सज्जन आहे की नाही याचा निवाडा रोज करावा लागत नाही. तो आपली पाळी पाळतो हे दिसत राहते, आणि वर्षानुवर्षे दिसत राहिले की त्याच्याविषयी मनात खात्री बसते. विश्वास ही भावना असली तरी तिला पुरावा लागतो.

शिक्षिका: याला सहकारी मनोवृत्ती म्हणावे की केवळ शहाणपणाचा स्वार्थ?

प्राध्यापक: सुरुवात स्वार्थापासून झाली तरी बिघडत नाही. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली होती, जिचे विवेचन त्यांच्या 1984 सालच्या पुस्तकात आहे. दोन खेळाडूंनी प्रत्येक वेळी सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे ठरवायचे आणि हा डाव त्याच दोघांत वारंवार खेळायचा, असे तिचे स्वरूप होते. अनेक तज्ज्ञांनी पाठवलेल्या गुंतागुंतीच्या डावपेचांवर अनातोल रॅपोपोर्ट यांच्या अगदी छोट्या नियमाने मात केली: पहिल्यांदा सहकार्य करावे, त्यानंतर समोरच्याने मागील वेळी जे केले तेच करावे. हा नियम आपण होऊन दगा देत नाही, दगा सहन करीत नाही, आणि समोरचा सुधारला तर जुने उकरून काढत नाही. मात्र तो यशस्वी होतो तो पुन्हा गाठ पडणार आहे याची जाणीव असेल तेथेच. कोकणापासून देशापर्यंत शेतकरी एकमेकांच्या शेतावर राबून कामाची जी फेड करतात, ती सावडीची रीत याच जाणिवेवर चालते. आज याच्या पेरणीला गेलेला उद्या आपल्या पेरणीला माणसे येतील हे गृहीत धरतो, आणि असे अनेक हंगाम गेले की कोण कोणाचे देणे लागतो याचा काटेकोर हिशेब मागे पडून शेजारधर्माची भावना उरते. वृत्ती आधी आणि कृती नंतर, हा क्रम नेहमीच खरा नसतो.

शिक्षिका: यात कल्पकतेला वाव कोठे आहे? फडाचे नियम तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते.

प्राध्यापक: कल्पकतेविषयी आधी एका प्रयोगाची माहिती द्यायला हवी. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली पेटी देऊन, मेण खाली न गळता मेणबत्ती भिंतीवर लावण्याचे कोडे घातले. पेटी रिकामी करून ती भिंतीला टाचली आणि तिच्यावर मेणबत्ती उभी केली की कोडे सुटते. पण पेटी ही टाचण्या ठेवण्यासाठीच आहे, अशी मनाची धारणा पक्की झालेली असल्यामुळे ते पुष्कळांना सुचत नाही. 1987 साली अ‍ॅलिस आयसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की थोडा वेळ विनोदी चित्रपट पाहून मन प्रसन्न झालेल्यांपैकी अधिक जणांना हे कोडे सुटते. म्हणजे प्रसन्नतेचा कल्पकतेशी संबंध आहे, परंतु कल्पकतेचे मर्म त्या पेटीत आहे: जी वस्तू किंवा जो नियम एका कामाला जखडलेला आहे, त्याला त्यातून सोडवून पाहणे.

पाण्याच्या बाबतीत हेच विलासराव साळुंखे यांनी केले. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याच्या या उद्योजकाने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत ही चळवळ उभी राहिली. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो, हे तोवर सर्वांनी गृहीत धरले होते, आणि फड पद्धतीतही तसेच होते. साळुंखे यांनी तो हक्क जमिनीपासून सोडवून माणसाला जोडला. कुटुंबातील दर माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकर भिजेल एवढे पाणी, मग जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही, कारण वर्षभर पाणी पिणारे एक पीक अनेकांचा वाटा गिळते. लाभार्थींनी योजनेच्या खर्चाचा 20 टक्के भार स्वतः उचलायचा असल्यामुळे ती आपली आहे ही जाणीव पहिल्या दिवसापासून राही. येथे नवे यंत्र नव्हते आणि नवी नदीही नव्हती. नवा होता तो केवळ वाटपाचा विचार, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासातील अस्सल कल्पकतेचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

शिक्षिका: म्हणजे फड पद्धतीत भूमिहीनाला वाटा नव्हता?

प्राध्यापक: पाण्याचा हक्क नव्हता, फार तर राबण्याचे काम होते. सहकारी वृत्तीचे गुणगान करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. ज्याच्या वाट्याला काहीच येत नाही, त्याने सकारात्मक राहावे, तक्रार करू नये, सर्वांशी मिळूनमिसळून घ्यावे, हा उपदेश अन्यायाला आधार देतो. घरात सगळी कामे एकटीने उपसणाऱ्या बाईला हसतमुख राहायला सांगणे, किंवा कार्यालयात ज्याचे श्रेय दुसराच घेतो त्याला संघभावना शिकवणे, हे त्याच जातीचे आहे. अशा वेळी तक्रार हीच निरोगी मनाची खूण असते, कारण तक्रार करणाऱ्याला परिस्थिती बदलू शकते असे अजून वाटत असते. पाणी पंचायतीचा नियम हा मुळात अशाच एका रास्त तक्रारीला दिलेले उत्तर आहे.

शिक्षिका: हे सर्व वर्गात कसे आणावे? वर्गातील व्यवस्था तर चढाओढीची आहे. एकाचा पहिला क्रमांक म्हणजे दुसऱ्याचा हुकलेला.

प्राध्यापक: 1971 साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात, वेगवेगळ्या वंशांची मुले एका वर्गात आल्यावर जो तणाव निर्माण झाला, त्यावर उपाय म्हणून एलियट अ‍ॅरॉन्सन यांनी एक पद्धत रचली. पाच-सहा मुलांचा गट करायचा, धड्याचे तेवढेच भाग करायचे, आणि प्रत्येक मुलाला एकच भाग द्यायचा. प्रत्येकाने आपला भाग, तोच भाग मिळालेल्या इतर गटांतील मुलांबरोबर नीट समजून घ्यायचा आणि परत येऊन आपल्या गटाला शिकवायचा. परीक्षा संपूर्ण धड्यावर असल्यामुळे अडखळत बोलणाऱ्या मुलाचेही लक्ष देऊन ऐकावे लागते, त्याला प्रश्न विचारून बोलते करावे लागते, आणि असे करता करता इतरांना त्याच्यातील गुण दिसू लागतात. त्या मुलाशी प्रेमाने वागा, असे येथे कोणी सांगत नाही. प्रत्येकाच्या हाती इतरांना हवा असलेला वाटा असतो, एवढीच रचना असते.

शिक्षिका: आणि एखाद्या मुलाने आपला वाटा उचललाच नाही, तर? शिक्षा केली तर वातावरण बिघडते, न केली तर बाकीचे निराश होतात.

प्राध्यापक: स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पाटांपासून फिलिपिन्समधील शेतकऱ्यांच्या पाणीसंस्थांपर्यंत अनेक दीर्घायुषी व्यवस्था अभ्यासून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 साली जे निष्कर्ष मांडले, आणि ज्या कामासाठी त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत याचे उत्तर आहे. अशा व्यवस्थांत पहिल्या चुकीला दंड अगदी सौम्य असतो आणि तो पुनरावृत्तीनुसार वाढत जातो. देखरेख करणारे लोक वापरणाऱ्यांपैकीच किंवा त्यांना उत्तरदायी असतात. आणि नियम ज्यांना लागू होतात त्यांना ते बदलण्याच्या चर्चेत जागा असते. वर्गात याचा अर्थ असा, की गट बांधण्यापूर्वीच मुलांनी बसून ठरवावे की वाटा न उचलल्यास काय होईल. पहिल्या वेळी त्या मुलाने कारण सांगावे आणि एका सोबत्याबरोबर आपला भाग पुन्हा तयार करावा. दुसऱ्या वेळी त्याने मधल्या सुट्टीत तो भाग गटाला शिकवावा. आणि महिनाभराने हे नियम मुलांपुढे पुन्हा ठेवून, कोणता नियम जाचक झाला आणि कोणता निरुपयोगी ठरला, हे त्यांनाच ठरवू द्यावे. कारण ऐकून घेण्याची पायरी मात्र कधीही वगळू नये, कारण वाटा न उचलणाऱ्या मुलाच्या घरी अभ्यासाला जागा नसेल किंवा त्याला तो भाग वाचताच येत नसेल, हे पुष्कळदा तेव्हाच प्रथम कळते.