मेंदूच्या पेशीतली मांडणी

आपल्या घरात भांड्यांची मांडणी असते. ताट, वाटी, तांब्या ज्याच्या त्याच्या जागी, म्हणून अंधारातही हात बरोबर पडतो. मेंदूच्या पेशीतही अशीच मांडणी असते, प्रथिनांची.

दोन चेतापेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी ग्लुटामेट नावाचे रसायन सोडते आणि दुसरीवरची ग्राहक प्रथिने ते झेलतात. हे ग्राहक जागेवरून हलू नयेत म्हणून 'पीएसडी-९५' हे आधार-प्रथिन त्यांना धरून ठेवते आणि निरोप पुढे नेणारी प्रथिनेही त्यांच्याजवळच बांधते. त्याखाली 'शँक-३' हे प्रथिन सगळा संच पेशीच्या सांगाड्याशी जोडते.

शँक-३ चे जनुक २२व्या गुणसूत्रावर असते. त्याच्या दोन प्रतींपैकी एक गळाली तरी मांडणी ढिली पडते. मूल उशिरा बोलते किंवा बोलतच नाही, अंग सैल राहते, काहींत स्वमग्नता दिसते. याला फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम म्हणतात. हा बदल बहुतेकदा आईवडिलांत नसतो, मुलात नव्याने घडतो. म्हणून 'आईने ग्रहण पाळले नाही', 'बाहेरचे लागले' हे बोलणे खोटे आहे. आईला दोष देऊ नका.

उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच आजार असतो असे नाही. पण दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, तर भगताकडे न जाता अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत होते. आधी कान तपासून घ्या. वाचा-उपचार आणि व्यायाम जितके लवकर सुरू होतील, तितका मुलाचा फायदा.