चेतासंधी : वापराने बळकट, विसाव्याने क्षीण

पक्षाघातानंतर घरी परतलेल्या रुग्णाला नातेवाईक मायेने घास भरवतात, सदऱ्याची बटणे लावून देतात. ही माया आम्ही जाणतो. परंतु तिच्यामुळेच दुर्बळ हात कायमचा मागे पडू शकतो, हे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

दोन चेतापेशी जेथे संदेशांची देवघेव करतात, त्या जागेस चेतासंधी म्हणतात. दोन्ही पेशी वारंवार एकत्र उद्दीपित झाल्यास संधी बळकट होत असावी, असे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये सुचविले. १९७३ मध्ये ब्लिस व लोमो यांनी सशाच्या मेंदूत अशी बळकटी तासन्‌तास टिकल्याचे दाखविले. संदेश जोराने आले की पलीकडील पेशीत कॅल्शियम शिरते व तिच्यावरील ग्राहक-रेणू वाढतात. ते मंदपणे, थोडेच शिरले तर हेच रेणू काढून घेतले जातात.

पक्षाघातात मृत झालेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांचे काम शेजारच्या पेशी काही अंशी उचलतात, पण सरावानेच. हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली, तेव्हा चेतासंधींतील ही घडामोड कोणी पाहिलेली नव्हती!

लालबाग-परळच्या चाळीतील खोलीत महागडी साधने कोठून असणार? मटार सोलणे, कपड्यांना चिमटे लावणे पुरेसे आहे. (गिळण्यास त्रास असल्यास जेवणाबाबत मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.) आरंभी एका बटणाला दहा मिनिटेही लागतील. तेवढा वेळ शेजारी बसावे. हात पुढे करू नये.