गाय माजावर येत नाही? इंजेक्शनापूर्वी बीजांडकोश तपासा

गाय दरवर्षी एक वासरू देईल, तरच दुधाचा धंदा परवडतो. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. म्हणजे व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे. गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी पहिले दोन महिने सोडले, तर पशुपालकाच्या हाती एक, फार तर दोन माज उरतात. त्यातला एक हुकला की २१ दिवसांचा खर्च अंगावर पडतो. त्यामुळे गाय माजावर दिसली नाही की लगेच इंजेक्शनाची मागणी होते. हे इंजेक्शन काही गायींना लागू पडते, तर काहींना मुळीच नाही. असे का होते, हे समजण्यासाठी बीजांडकोशाचे कार्य जाणून घेणे आवश्यक आहे.

बीजपुटिकांच्या लाटा

स्त्रीबीज ज्या पाण्याने भरलेल्या लहान फोडात वाढते, त्यास बीजपुटिका म्हणतात. पूर्वी असा समज होता की, माजाच्या सुमारास एकच पुटिका वाढते व फुटते. परंतु १९६० मध्ये राजाकोस्की या शास्त्रज्ञाने पुटिका लाटेप्रमाणे गटागटाने वाढतात असे मांडले. पुढे १९८० च्या दशकात सोनोग्राफीमुळे ते प्रत्यक्ष पाहता आले. गायीच्या २१ दिवसांच्या ऋतुचक्रात अशा दोन किंवा तीन लाटा येतात.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एफ.एस.एच. हे संप्रेरक रक्तात वाढले की लाट सुरू होते. अनेक लहान पुटिका एकदम वाढू लागतात. त्यातील एक ८ ते ९ मि.मी. आकाराची झाली की इतरांच्या पुढे जाते. ती इस्ट्रोजेन व इनहिबिन ही संप्रेरके सोडते. त्यामुळे एफ.एस.एच. घटते व मागे राहिलेल्या पुटिका जिरून जातात. मोठी पुटिका मात्र एल.एच. या दुसऱ्या संप्रेरकावर वाढत राहते.

पीतपिंडाचा लगाम

मोठी झालेली प्रत्येक पुटिका फुटतेच असे नाही. माजानंतर पुटिका फुटली की त्या जागी पीतपिंड तयार होतो व तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडतो. प्रोजेस्टेरॉन रक्तात भरपूर असते तोवर एल.एच. कमी प्रमाणात सुटते. म्हणून चक्राच्या मध्यावरची मोठी पुटिका न फुटताच जिरते व नवी लाट सुरू होते.

गाय गाभण नसेल तर १६ व्या-१७ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते व पीतपिंड नष्ट होतो. लगाम सुटतो, एल.एच. वाढते व त्या वेळची मोठी पुटिका पक्व होते. तिच्यातील इस्ट्रोजेनमुळे गाय हंबरते, दुसऱ्या गायीवर उडते, काचेसारखा पारदर्शक सोट टाकते. हाच माज होय. माज संपल्यानंतर साधारण १० ते १२ तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. म्हणूनच सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

इंजेक्शन केव्हा लागू पडते?

माजावर आणण्यासाठी बहुधा प्रोस्टाग्लँडिन देतात. त्याचे काम एकच, पीतपिंड नष्ट करणे. पीतपिंडच नसेल तर ते काय करणार? माज होऊन गेल्यावर पहिले पाच दिवस पीतपिंड कोवळा असतो, तेव्हाही हे इंजेक्शन वाया जाते. योग्य वेळी दिल्यास गाय दोन ते पाच दिवसांत माजावर येते. हा फरक त्या वेळी पुटिका किती मोठी आहे यावर अवलंबून असतो.

येथे मोठा धोका आहे. गाभण गायीचा गर्भही पीतपिंडाच्या आधारावर टिकतो. न तपासता इंजेक्शन दिल्यास गाय गाभडते.

माजावर न दिसणाऱ्या गायी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात चक्र सुरू असते, पण माज मुका असतो किंवा आपल्या नजरेतून सुटतो. अशा गायींत पीतपिंड सापडतो व प्रोस्टाग्लँडिनचा उपयोग होतो. दुसऱ्या प्रकारात चक्रच बंद असते. व्याल्यानंतर दोन आठवड्यांतच पुटिकांच्या लाटा पुन्हा सुरू होतात, परंतु दुधासाठी लागणारी ऊर्जा चाऱ्यातून मिळाली नाही तर गाय अंगावरची चरबी झिजवते. उपाशी शरीरात एल.एच. पुरेसे सुटत नाही. त्यामुळे पुटिका वाढतात, पण न फुटताच जिरतात. अशा गायीला आधी खुराक हवा. त्यानंतर पशुवैद्यक गरजेनुसार योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या साधनाचा उपचार करतात.

पशुपालकांनी काय करावे?

१. प्रत्येक गायीची व्याल्याची, माजाची व रेतनाची तारीख वहीत लिहावी.

२. पहाटे, दुपारी व रात्री झोपण्यापूर्वी गायींचे निरीक्षण करावे. मुका माज बहुधा रात्री किंवा पहाटे ध्यानात येतो.

३. व्याल्यानंतर ६० दिवसांत माज न दिसल्यास पशुवैद्यकाकडून तपासणी करावी. पहिल्या तपासणीत पीतपिंड न आढळल्यास १० दिवसांनी पुन्हा तपासावे.

४. गाय आटवल्यापासूनच तिची तब्येत राखावी. व्याल्यावर पेंड-भरडा हळूहळू वाढवावा. हिरवा चारा व रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

५. रेतन झालेल्या गायीला गाभण तपासणीशिवाय प्रोस्टाग्लँडिन देऊ नये. हे औषध कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून गरोदर स्त्रियांनी व दम्याच्या रुग्णांनी ते हाताळू नये.

इंजेक्शन पीतपिंड घालवू शकते, पुटिका पोसू शकत नाही. ती पोसण्याचे काम गव्हाणीतच होते, हे पशुपालकांनी ध्यानात ठेवावे.